किकॅड ९ मध्ये एआय एजंट: पंपाच्या स्टार्टरचा बोर्ड त्याच्या हाती द्यावा का?

कृषिपंपाच्या ऑटो स्टार्टरचा बोर्ड वरवर साधा असतो. तीन फेजचं सेन्सिंग, एक मायक्रोकंट्रोलर, कॉन्टॅक्टरची कॉइल ओढणारा रिले आणि सिम कार्डाचं मॉड्यूल. पण त्यावर ४१५ व्होल्ट आणि ५ व्होल्ट शेजारी शेजारी नांदतात, आणि तो बसतो वावरातल्या पत्र्याच्या पेटीत. तिथं धूळ आहे, पावसाळ्यात ओल आहे, मुंग्या-पाली आहेत, आणि मे महिन्यात बाहेरच ४५ अंश. एआय एजंटची, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणाऱ्या प्रोग्रामची, परीक्षा घ्यायला याहून चांगला बोर्ड नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये किकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरची ९ वी आवृत्ती आली, त्यासोबत नवा आयपीसी एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला किकॅड चालवू देणारा रस्ता, आला. तो प्रेफरन्सेसमधल्या प्लगिन्सच्या पानावर जाऊन चालू करावा लागतो. मग किकॅड-पायथन लायब्ररी उघड्या एडिटरशी बोलते. त्यावर एमसीपी सर्व्हर (एजंटला अशा साधनांशी जोडणारा दुवा) बसवला की "रिले डाव्या कडेला घे" एवढं मराठीत सांगितलं तरी काम होतं. ९ मध्ये हा रस्ता पीसीबी एडिटरपुरताच आहे आणि एडिटर उघडा असावाच लागतो.

मांडणीत एजंट खरंच वेळ वाचवतो. मात्र एपीआयची मापं नॅनोमीटरमध्ये असतात, १ मिलिमीटर म्हणजे १०,००,०००. एजंटनं नुसते २५ पाठवले की रिले शीटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन पडतो. सगळे पार्ट त्या कोपऱ्यात एकावर एक दिसले तर समजा, एकक चुकलं. वाय अक्षही खालच्या दिशेनं वाढतो, त्यामुळे "वर सरकव" म्हटलं की पार्ट खाली जातो. मधे एक छोटं फंक्शन ठेवा: ते मिलिमीटर घेईल आणि बोर्डाच्या कडेबाहेरची जागा नाकारेल. प्रत्येक काम बिगिन कमिट आणि पुश कमिटच्या मधे बांधा, म्हणजे सगळं एका अनडूमध्ये परत फिरतं. लाईन जाऊन इंटरनेट अर्ध्यावर तुटणं आपल्याकडे रोजचं आहे. काम असं बांधलेलं असलं की अर्धवट मांडणी ड्रॉप कमिटनं रद्द करता येते.

रन ॲक्शन ही सोय, म्हणजे एडिटरची कुठलीही कमांड नावानं चालवणं, एजंटला देऊ नका. ती अस्थिर असल्याचं लायब्ररीतच लिहिलंय. शिवाय तिचं "ओके" म्हणजे कमांड पोचली एवढंच, काम झालं असं नाही. एजंट मात्र ते काम झालं असंच धरतो.

९ मध्ये स्कीमॅटिकसाठी, म्हणजे सर्किटच्या आकृतीसाठी, एपीआय नसल्यानं एजंट थेट फाइलचा मजकूर बदलतात. ग्रिड १.२७ मिलिमीटरचा. पिन १००.३३ वर असते, एजंट आकडा गोल करून वायर १००.३ वर संपवतो. डोळ्याला जोडलेली दिसते, नेटलिस्टमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, तुटलेली. म्हणून प्रत्येक बदलानंतर ईआरसी (स्कीमॅटिकमधल्या जोडण्यांची तपासणी) चालवा. फाइल बदलताना एडिटर बंद ठेवा, नाहीतर तुमच्या पुढच्या सेव्हनं एजंटचं सगळं काम पुसलं जातं.

रूटिंग, म्हणजे तांब्याच्या ट्रॅक ओढण्याचं काम, त्याला देण्यात अर्थ नाही. जीएसएम मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं आणि एजंट त्याला डिफॉल्ट ०.२ मिलिमीटरची ट्रॅक देतो. व्होल्टेज पडतं, मॉड्यूल रीसेट होत राहतं. ३५ मायक्रॉन तांब्यावर निदान १ मिलिमीटर ठेवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते डीआरसीच्या, म्हणजे बोर्ड नियमात बसतो का या तपासणीच्या, वेळी. किकॅड-सीएलआयला (किकॅडच्या कमांड लाइनच्या साधनाला) एक्झिट-कोड-व्हायोलेशन्स हा पर्याय दिला नाही तर चुका सापडूनही ते ०, म्हणजे 'सगळं ठीक', हा कोड परत करतं, आणि एजंट बोर्ड पास झाल्याचं सांगतो. पर्याय दिला की चुका असताना ५ हा कोड येतो. त्याच्या आधी नियम हवेत. डिफॉल्ट क्लिअरन्स (दोन जोडण्यांच्या तांब्यातलं किमान अंतर) ०.२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे फेज आणि ५ व्होल्टमध्ये तेवढंच अंतर असलेला बोर्डही बिनचूक ठरेल. फेजच्या नेट्सना, म्हणजे जोडण्यांना, वेगळा नेटक्लास (नियमांचा गट) द्या आणि कस्टम नियमांत क्रीपेज, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, ८ मिलिमीटर लिहा. ही सोयही ९ मध्येच आलीय.

आता पीसी-८१७ ऑप्टोकप्लर पाहा, प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पार्ट. त्याच्या नेहमीच्या फुटप्रिंटमध्ये (पार्टच्या पायांसाठी बोर्डावरच्या आखणीत) पिनांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर असतात. १.६ चे पॅड वजा केले की उरतात ६.०२, म्हणजे ८ चा नियम तुटणारच. एजंटला "चुका शून्यावर आण" एवढंच सांगितलं, तर त्याला सगळ्यात सोपी वाट सापडते: नियमातल्या ८ चे ६ करायचे. अहवाल स्वच्छ येतो आणि बोर्ड धोकादायक राहतो. खरा उपाय म्हणजे १०.१६ चा फुटप्रिंट घेऊन पाय वाकवायचे, मग ८.५६ मिळतात, किंवा ऑप्टोखाली खाच मारून घ्यायची. नियमांची आणि प्रोजेक्टची फाइल एजंटसाठी फक्त वाचण्यापुरती ठेवा.

तपासणी, अहवाल, पार्टची यादी आणि एक्सपोर्ट ही कामं त्याला खुशाल द्या. एक्सपोर्टमध्ये गर्बर (बोर्डाच्या थरांचे नकाशे) आणि ड्रिल (भोकांच्या जागा) या दोन वेगळ्या कमांड आहेत, आणि दुसरी हमखास राहते. बोर्ड बनवणाऱ्याला झिप पाठवण्याआधी ती गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडा आणि रिलेच्या पायांना भोकं दिसतायत का, ते स्वतः बघा. ऑर्डरचं बटण तुमच्याच हातात राहू द्या.