४१,३०० रुपये दिल्यानंतर मागितलेले आणखी २५,०००

सांगलीत माझा लाकडी घाण्यावर तेल काढण्याचा छोटा व्यवसाय आहे. शेंगदाणा, करडई आणि खोबरे अशी तीन तेले आम्ही काढतो आणि घाण्यावर माझ्यासह चौघी जणी काम करतात. शेंगदाण्याचे पोते उतरवून घेण्यापूर्वी मी मूठभर दाणे दाताखाली फोडून ओलावा पाहते आणि व्यापाऱ्याच्या पावतीवरचे वजन आमच्या काट्यावर पुन्हा करून घेते. अशा सवयीच्या बाईने गेल्या वर्षी उद्योजिकांसाठीच्या ‘पर्सनल ब्रँड फोटोग्राफी’च्या, म्हणजे व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी मालकिणीचे फोटो काढण्याच्या, एका पॅकेजपायी ४१,३०० रुपये घालवले. त्या दिवशी माझ्याबरोबर आणखी चार जणी होत्या आणि तशाच जाहिराती आजही उद्योजिकांच्या गटांमधून फिरत आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

पुण्याच्या भीमथडी जत्रेसाठी अर्ज करायचा होता, त्यासाठी चांगले फोटो हवे होते. एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून पुण्यातल्या एका बाईंशी ओळख झाली. त्या स्वतःला ब्रँड कोच म्हणवत आणि फोटो काढण्यासाठी त्यांचा एक चमू होता. त्यांनी पाठवलेले जुन्या कामाचे नमुने खरोखर सुंदर होते. त्यातला पिठाने माखलेल्या हातांचा एका बेकरीवालीचा फोटो पाहून तर माझा निर्णय जवळजवळ झालाच. बोली अशी ठरली की ते सांगलीला घाण्यावर येतील, चार तास काम करतील आणि तीन पोशाखांत, दोन ठिकाणी काढलेले चाळीस संपादित फोटो देतील. त्यासाठी ३५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. मी रक्कम जास्त वाटते असे म्हटले आणि काम झाल्यावर पैसे दिले तर चालेल का, असे विचारले, तेव्हा उत्तर आले, “ताई, तुम्ही तेलावर इतका विश्वास ठेवता, स्वतःवर कधी ठेवणार?” पुढे जेव्हा जेव्हा मी पैशांचा किंवा कागदाचा विषय काढला, तेव्हा याच वाक्याची कुठली ना कुठली आवृत्ती ऐकायला मिळाली. व्यापाऱ्याने असे उत्तर दिले असते तर मी पोते परत पाठवले असते. इथे मात्र हिशेब विचारणे म्हणजे आपला न्यूनगंड उघडा पाडणे, असे मला वाटू लागले आणि मी गप्प बसले.

निम्मी रक्कम, म्हणजे २०,६५० रुपये, आगाऊ दिली. ज्या यूपीआय खात्यावर ती पाठवली, त्यावर त्या बाईंचे नाव नव्हते आणि स्टुडिओचेही नव्हते. ‘टीममधल्या मुलाचे खाते आहे’ हे स्पष्टीकरण मी मान्य केले. नंतर एक ऑनलाइन बुकिंग फॉर्म आला. नाव, पत्ता, कपड्यांचे माप, आवडते रंग आणि सगळ्यात शेवटी ‘अटी मान्य आहेत’ असा चौकोन. तो चौकोन मी एका हाताने तेलाची मापे काढत दुसऱ्या हाताने टिचकी मारून भरला.

आठवड्याभराने कळले की सांगलीचा प्रवास परवडत नसल्याने पुण्यातच एका कॅफेत काम होईल. बरोबर सहा बाटल्या घेऊन गेले, तर तिथे आम्ही पाच जणी एकाच वेळी बोलावलेल्या. कॅमेरा पिशवीतून निघण्याआधी उरलेली रक्कम घेण्यात आली. माझ्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटे आली, त्यातला बराच वेळ त्यांनी आणलेला ब्लेझर अंगावर बसवण्यात गेला आणि शेवटी माझा नसलेला लॅपटॉप उघडून मी त्याच्याकडे पाहून हसत होते. तेलाच्या बाटलीचा फोटो काढताना तिच्या मागून उजेड सोडावा लागतो, नाहीतर करडईचे तेल गढूळ पाण्यासारखे दिसते, एवढे आम्ही घरी मोबाइलवर फोटो काढूनही शिकलो आहोत. फोटो काढणाऱ्या मुलाला ते ठाऊक नव्हते.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बारा फोटो आले, प्रत्येकावर आडवा वॉटरमार्क. आकार १२८० बाय ८५३ पिक्सेल. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) नीट छापायचे तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, त्यामुळे सहा फुटी स्टँडीचा, म्हणजे उभ्या जाहिरात फलकाचा, प्रश्नच नव्हता. शिवाय बाटली ‘स्वच्छ दिसावी’ म्हणून लेबलवरचा खाद्य परवान्याचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह पुसून टाकले होते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाईला असा फोटो विक्रीसाठी काय कामाचा? मोठ्या फायली आणि उरलेले अठ्ठावीस फोटो मागितले, तेव्हा सांगण्यात आले की बारा फोटो ‘सोशल मीडियापुरते’ आहेत आणि छपाईसाठी व विक्रीसाठी वापरायचे तर कमर्शियल लायसन्सचे २५,००० रुपये वेगळे द्यावे लागतील.

त्या रात्री मी तो फॉर्म पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. छायाचित्रांचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, फोटोंची संख्या ‘अंदाजे’ आहे आणि ग्राहकाची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरता येतील, हे सगळे तिथे लिहिलेले होते. ओळखीच्या वकील ताईंकडून कायदा समजून घेतला तेव्हा अधिकच हळहळ वाटली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणी आपल्यासाठी छायाचित्र काढून घेतले तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो पैसे देणाराच असतो. म्हणजे मी काहीही मान्य केले नसते तर फोटो माझेच होते. तो उलट करार मीच एका टिचकीने करून दिला होता.

मग एकेक गोष्ट तपासत गेले. बेकरीवालीचा फोटो, चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकला, तर तो परदेशातल्या एका फोटोविक्रीच्या संकेतस्थळावर सापडला. बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, २९ कर्नाटकाचा. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही लॉगिन न करता क्रमांक शोधता येतो. तिथे तो एका बांधकाम साहित्याच्या व्यापाऱ्याच्या नावावर निघाला. या दोन्ही तपासण्यांना मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि त्या आगाऊ रक्कम देण्यापूर्वीही तितक्याच वेळात झाल्या असत्या.

महिनाभराने माझ्या भाचीने मला एक जाहिरात दाखवली. ब्लेझरमधली मी, आणि खाली माझ्या तोंडी वाक्य: या बाईंचा कोर्स केल्यावर माझी विक्री तिप्पट झाली. मी कोणताही कोर्स केलेला नाही. वकील ताईंनी इथे एक भेद स्पष्ट केला, जो मला फार उपयोगी पडला: करारामुळे फोटोचा कॉपीराइट त्यांच्याकडे गेला असेल, पण माझ्या नावावर खोटे विधान खपवण्याचा अधिकार कोणत्याही कॉपीराइटमधून येत नाही. नोटीस गेल्यावर दोन दिवसांत ते वाक्य काढले गेले. फोटो मात्र ‘आमच्या यशस्वी उद्योजिका’ या मथळ्याखाली अजूनही आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. समोरून उत्तर आले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, त्यामुळे पुण्याच्या खेपा वाचल्या आणि सांगलीतच तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. समोरची बाजू ‘व्यावसायिक हेतू’चा मुद्दा काढण्याची, म्हणजे धंद्यासाठी सेवा घेतली म्हणून मी ग्राहकच नाही असे म्हणण्याची, शक्यता असल्याने, हा माझ्या पोटापाण्याचा स्वयंरोजगार आहे हे दाखवणारी कागदपत्रे जोडायला सांगण्यात आले. यूपीआयच्या नोंदी, फॉर्मची प्रत आणि सगळे संदेश मी छापून लावले आहेत. संदेशांमध्ये ‘सांगलीला येतो’ आणि ‘चाळीस फोटो’ हे शब्द आहेत. त्यांनी बोलणे फोनवर उरकण्याचा आग्रह का धरला होता, ते मला तेव्हा कळले. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

दरम्यान आमच्या एसटी स्टँडजवळच्या, एरवी पासपोर्ट फोटो काढणाऱ्या काकांना घाण्यावर बोलावले. त्यांनी अर्धा दिवस काम करून ३,५०० रुपये घेतले आणि बिलावर पेनाने ‘सर्व मूळ फायली दिल्या’ असे लिहून पेन ड्राइव्ह हातात ठेवला. लेबलवरचा परवाना क्रमांक त्या फोटोंमध्ये वाचता येतो.

त्या दिवशीच्या उरलेल्या चौघींना मी शोधून काढले. दोघींनी २५,००० रुपये भरले होते. तिसरी माझ्याबरोबर तक्रारीत येण्यास तयार आहे. चौथीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की घरी यातले काही सांगितलेले नाही, तर ताई, कृपा करून पुन्हा फोन करू नका.