सगळ्यांवरच राग आहे, मग मत कुठं टाकायचं? ब्रिटनमधल्या मराठी मतदारासमोरचे पर्याय

‘सगळे एकाच माळेचे मणी. मी या वेळी मत देणारच नाही.’ गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना ऐकलंय, शनिवारच्या मराठी शाळेबाहेर गाडीत मुलांची वाट बघतानाही ऐकलंय. बोलणारी माणसं आळशी नाहीत. रुग्णालयात रात्रपाळी करणारी आहेत, वीस वर्षं इथं कर भरणारी आहेत.

त्यांचा राग खोटा म्हणवत नाही. २०१० ते २०२४ या चौदा वर्षांत हुजूर पक्षाने पाच पंतप्रधान दिले, त्यातल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या. टाळेबंदीत लोक आईवडिलांच्या अंत्यविधीला मोजक्या माणसांत उभे होते, तेव्हा डाउनिंग स्ट्रीट आणि व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानी आणि सरकारी कचेऱ्यांत, पार्ट्या चालल्या होत्या. पोलिसांनी त्यासाठी १२६ दंड ठोठावले. मग बदल म्हणून मजूर पक्ष आला. त्याने पहिल्याच महिन्यात बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधन भत्ता काढून घेतला आणि जून २०२५ मध्ये निर्णय बराचसा फिरवला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ पाहणीत ४५ टक्के लोकांनी सांगितलं की सरकार कोणत्याही पक्षाचं असो, ते पक्षाच्या हितापेक्षा देशाचं हित वर ठेवेल असा भरवसा आम्हाला जवळजवळ कधीच वाटत नाही. हा आकडा त्या पाहणीतला उच्चांक होता.

हा राग वापरायचा कसा, याचे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू. त्याआधी इथलं गणित. पद्धत भारतासारखीच आहे: ६५० मतदारसंघ, ज्याला जास्त मतं तो खासदार, बाकीची मतं हवेत. २०१९ मध्ये मजूर पक्षाला ३२.१ टक्के मतं आणि २०२ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा आल्या. प्रत्यक्ष मतं तर आधीपेक्षा कमी पडली होती. त्याच निवडणुकीत उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाला सुमारे ४१ लाख मतं आणि ५ जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना सुमारे ३५ लाख मतं आणि ७२ जागा. कारण एवढंच की एकाची मतं देशभर विखुरली होती आणि दुसऱ्याची नेमक्या ठिकाणी गोळा झाली होती.

घरी बसणं आणि मत बाद करणं

पुष्कळांना हे दोन्ही सारखंच वाटतं. माझ्या मते तसं नाही, पण फरक लहान आहे.

२०२४ मध्ये मतदान जेमतेम ६० टक्के झालं, २००१ नंतरचं सर्वांत कमी. त्या न आलेल्या ४० टक्क्यांचा राग कुणी मोजला? कुणीच नाही. प्रचाराला येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या याद्यांमध्ये मतदान न करणारं घर हळूहळू मागे पडतं. पुढच्या खेपेला दारावरची टकटकही होत नाही.

बाद मत निदान मोजलं जातं आणि निकालाबरोबर त्याचा आकडा जाहीर होतो. पण इथं आपल्यासारखा ‘नोटा’ नाही. ‘यांपैकी कुणी नको’ असं लिहिलेली चिठ्ठी आणि चुकून दोन खुणा केलेली चिठ्ठी, दोन्ही शेवटी नाकारलेल्या मतांच्याच ढिगात जातात. शंकास्पद चिठ्ठ्या उमेदवार आणि त्यांच्या प्रतिनिधींना दाखवल्या जातात, म्हणजे तुमचं वाक्य त्यांच्या नजरेखालून जाऊ शकतं. मात्र लिहिताना सांभाळा. २०१५ मध्ये वेल्समधल्या माँटगोमेरीशरला कुणीतरी रागानं एका उमेदवाराच्या चौकटीत अश्लील चित्र काढलं. ते चौकटीत बरोबर बसलं म्हणून त्याच उमेदवाराचं मत धरलं गेलं!

दगडापेक्षा वीट मऊ, की मनापासूनचं मत?

खरा निर्णय इथं आहे, आणि तो तुम्ही कुठं राहता यावर ठरतो. वायव्य लंडनमधले दोन शेजारचे मतदारसंघ घ्या, हेंडन आणि हॅरो ईस्ट. २०२४ मध्ये हेंडनला मजूर पक्ष १५ मतांनी जिंकला. पंधरा! एका इमारतीतल्या तीन-चार घरांनी उलटवला असता असा निकाल. शेजारच्या हॅरो ईस्टमध्ये हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन ११ हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून आले. एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या दोन कुटुंबांच्या मतांचं वजन इतकं वेगळं होतं.

तुम्ही हेंडनसारख्या ठिकाणी असाल तर डावपेचाचं मत द्या, असं मी स्पष्टच म्हणेन. म्हणजे आवडीचा पक्ष बाजूला ठेवायचा आणि जिंकू शकणाऱ्या दोघांपैकी कमी नावडता निवडायचा. मे २०२५ मध्ये रनकॉर्न अँड हेल्स्बीच्या पोटनिवडणुकीत रिफॉर्मने मजूर पक्षाला ६ मतांनी हरवलं. तिथं दोन्ही बाजूंना घरी बसून राहिलेले लोक असणारच, आणि तो निकाल त्यांच्याही हातात होता.

याचा तोटा मला खटकतो, तोही सांगते. विटेला दिलेलं मत वीट आपला विजय म्हणूनच मोजते. तुम्ही नाक मुठीत धरून खूण केलीत हे पेटीतून बाहेर येत नाही. म्हणून जिथं निकाल आधीच ठरलेला आहे, तिथं मनापासून आवडणाऱ्या पक्षाला मत द्यावं. लिव्हरपूलशेजारचं बूटल १९४५ पासून मजूर पक्षाकडे आहे. तिथं डावपेच कुणाविरुद्ध करणार?

हरणाऱ्या पक्षाची मतं वाया जातातच असंही नाही. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा म्हणणाऱ्या यूकिप पक्षाला २०१५ मध्ये १२.६ टक्के मतं मिळून खासदार एकच आला. पण त्या मतांच्या धास्तीने डेव्हिड कॅमेरून यांनी आधीच सार्वमताचं वचन देऊन ठेवलं होतं आणि २०१६ मध्ये देश युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवून बसला. परिणाम तुम्हाला पटो न पटो, दबाव कसा चालतो ते त्यात दिसतं. ग्रीन पक्षाच्या मतदारांनाही हेच लागू आहे. स्कॉटलंड, वेल्स किंवा लंडनमध्ये राहत असाल तर तिथल्या स्वतंत्र प्रतिनिधी सभांच्या निवडणुकीत मतांच्या प्रमाणाला किंमत आहे, तिथं मनासारखं मत द्यायला फारसं अडत नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी काढते. कायमच्या वास्तव्याचा परवाना पाचऐवजी दहा वर्षांनी द्यावा, अशी भूमिका हुजूर पक्षाने फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतली आणि मजूर सरकारने मे महिन्यात. रिफॉर्मने सप्टेंबरमध्ये तो परवानाच रद्द करू म्हटलं. या प्रश्नावर ‘सगळे सारखेच’ हे खरं नाही. दहा वर्षं थांबणं आणि कधीच न मिळणं, यात एका कुटुंबाचं अख्खं आयुष्य मावतं.

पक्षाचं सभासदत्व

मराठी माणूस हा पर्याय सहसा विचारातच घेत नाही. २०२२ मध्ये ट्रस पंतप्रधान झाल्या त्या हुजूर पक्षाच्या सभासदांच्या ८१,३२६ मतांवर. मतदानाचा हक्क होता सुमारे १ लाख ७२ हजार सभासदांना, आणि देशात मतदार साडेचार कोटींहून जास्त. नंतर त्यांच्या अर्थसंकल्पाने गृहकर्जाचे दर भडकले तेव्हा हप्ता सगळ्यांनी भरला. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सनही आधी सभासदांच्या मतांवरच आले होते. सुरक्षित मतदारसंघात तर उमेदवारीची निवड हीच खरी निवडणूक असते, आणि ती स्थानिक सभासदांच्या छोट्या बैठकीत होऊ शकते.

किंमत मात्र द्यावी लागते. वर्गणी, थंडीतल्या संध्याकाळच्या बैठका, पावसात पत्रकं वाटणं. शिवाय वरिष्ठ नेते अनेकदा आपलाच माणूस वरून उतरवतात, तेव्हा सभासदांची सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी ठरते. वर्षाला दहा-बारा संध्याकाळी देता येत असतील तर हा पर्याय सगळ्यांत वजनदार. नसतील तर नुसतं कार्ड घेऊन ठेवू नका. त्यापेक्षा खासदाराच्या ‘सर्जरी’ला जा. आपल्या मतदारसंघात ठरलेल्या वेळी ते लोकांना भेटतात, कामाचे कागद घेऊन समोर बसता येतं, आणि तुम्ही त्यांना मत दिलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

आधी यादीत नाव

हे सगळं वाचून ‘पण माझ्याकडे तर भारतीय पासपोर्ट’ म्हणणारे बरेच भेटतात. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे वैध व्हिसावर इथं राहणारा अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो, विद्यार्थीसुद्धा. नाव मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत नोंदवता येतं. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फोटोत तुम्ही ओळखू यायला हवेत. नोंदणी झाली की आपल्या मतदारसंघाचा मागचा निकाल काढा आणि फक्त दोन आकडे बघा: पहिला कितीने जिंकला, आणि दुसरा कोण होता.