बुगडीसाठी टोचलेला कान आणि १,८०० रुपयांचं ‘आफ्टरकेअर किट’

लग्नसराईच्या तोंडावर बुगडीसाठी कानाची वरची कड टोचून घेणाऱ्या मुली खूप असतात आणि त्यांना हेरून बसलेले लोकही असतात. माझ्या धाकट्या बहिणीला पुण्यातल्या एका पिअर्सिंग स्टुडिओने लुटलं, तसं आणखी कुणाला लुटू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण तिच्या कानाचा आकार जायची वेळ आली होती, त्याचा संताप जास्त आहे.

जाहिरात ४९९ रुपयांची होती, दागिन्यासह. खुर्चीत बसल्यावर सांगितलं, “मॅडम, यातला दागिना वरच्या कानाला चालत नाही, पिकेल. टायटॅनियमचा घ्या.” तो २,२०० रुपयांचा. टोचलं ते गनने. रक्त पुसता पुसताच किट पुढे केलं, १,८०० रुपये: एक स्प्रे, एक ‘हर्बल’ तेल, एक मलम. किट घेतलं नाही तर पुढची जबाबदारी आमची नाही, असं वर बजावलं. कान ठणकत असताना घासाघीस कोण करणार? पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यात यूपीआयने घेतले आणि पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले. ती आजतागायत आलेली नाही.

दिवसातून चार वेळा स्प्रे मारा, तेल लावा आणि खडा गोल फिरवत राहा, नाहीतर मांस चिकटेल, असं सांगितलं होतं. तिने ते सगळं तंतोतंत केलं. कान सुजला, रात्री झोप लागेना. फोटो पाठवला तर उत्तर आलं, “लस येतेय म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.” सोबत ९०० रुपयांच्या ‘स्ट्राँग’ थेंबांची ऑफर. पू झालेल्या मुलीला डॉक्टरकडे जा असं न सांगता आणखी एक बाटली विकायला बघितली, हे मला आजही सहन होत नाही.

मग कानाचा वरचा भाग लालभडक आणि गरम झाला. खालची मऊ पाळी मात्र अगदी नेहमीसारखी होती. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्यावरूनच ओळखलं: पेरिकॉन्ड्रायटिस, म्हणजे कूर्चेवरच्या (कानाच्या वरच्या भागातल्या लवचिक, मऊ हाडावरच्या) आवरणाला झालेला संसर्ग. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. मध्ये पू साठला की ते आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कान आक्रसून वेडावाकडा होतो. तो पुन्हा सरळ करायचा तर प्लास्टिक सर्जरीच. असा संसर्ग बहुतेकदा स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे होतो आणि त्याच्यावर नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स चालतच नाहीत. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने कॅप्सूल घेऊन वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो. बहिणीचा पू चिरा देऊन काढावा लागला. कान वाचला.

हा जंतू ओल्या जागी वाढतो, अगदी जंतुनाशकाच्या बाटलीतसुद्धा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००० साली एकाच दुकानात वरचा कान टोचून घेतलेल्या अनेकांना हाच संसर्ग झाला होता. तपासात जंतू सापडले ते दागिन्यांवर फवारायच्या जंतुनाशकाच्या बाटलीत. हे कळल्यावर मी आमचं किट काढून नीट पाहिलं. तिन्ही बाटल्यांवर फक्त स्टुडिओचं नाव. उत्पादक कोण, परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, छापील किंमत, काहीच नाही. स्प्रेला स्पिरिटसारखा वास. आणि डॉक्टरांनी काढून दिलेला ‘टायटॅनियम’ खडा फ्रिजवरच्या चुंबकाला चटकन चिकटला. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. (न चिकटणारा प्रत्येक धातू टायटॅनियम असतो असं मात्र नाही, त्यामुळे उलटा निष्कर्ष काढू नका.) खरं इम्प्लांट दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवण्याजोगं टायटॅनियम विकणारा एएसटीएम एफ१३६ हे मानक बिलावर लिहून देतो. लिहून देत नसेल तर तिथून उठा.

सोन्याचा दागिना घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे चमकी किंवा बारीक बाळीवर तो बहुधा नसतो. याचा फायदा घेऊन काहीही ‘अठरा कॅरेट’ म्हणून खपवता येतं. शुद्धता आणि वजन पक्क्या बिलावर मागून घ्या. भेसळीत निकेल असलं तर जखम महिनोन्‌महिने खाजते, पाझरते आणि दोष तुमच्या ‘सेन्सिटिव्ह स्किन’वर ढकलला जातो.

या सगळ्या लुटीचं मूळ एका भीतीत आहे: काही लावलं नाही तर पिकेल. खरं तर ताज्या टोचलेल्या जागेला फार थोडं लागतं. हात साबणाने धुवायचे, मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्याचं निर्जंतुक नॉर्मल सलाईन गॉजवर घेऊन दिवसातून दोनदा टेकवायचं, खपली आपोआप मऊ होऊ द्यायची आणि जागा कोरडी करायची. टॉवेलने पुसू नका, त्याचे धागे अडकतात. सलाईनची छोटी बाटली घ्या, कारण त्यात टिकवणारं रसायन नसतं आणि उघडलेली बाटली आठवडाभर वापरण्यात अर्थ नाही. नाकात घालायचे थेंब किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावण म्हणजे हे सलाईन नव्हे. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने नवी येणारी त्वचाच भाजते. हळद आणि खोबरेल आजीने प्रेमाने आणून दिलं तरी उघड्या जखमेवर नको. आणि दागिना फिरवू नका: प्रत्येक वळशाला आतली नवी त्वचा फाटते आणि बाहेरची घाण आत जाते.

खालची पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, पण वरच्या कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं. तोपर्यंत त्या कुशीवर झोपणं, हेल्मेट, केसांचं तेल यांची काळजी घ्यावी लागते. लग्न दोन महिन्यांवर असेल तर दाबाची बुगडीच बरी. टोचायचंच असेल तर पोकळ सुईने, आणि ती सुई बंद पाकिटातून तुमच्यासमोर उघडलेली हवी. गनमध्ये बोथट खडा जोराने कूर्चेत घुसवला जातो, आणि प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात घालता येत नाही. वर्षानुवर्षं कान टोचणारे सोनारकाका असले तरी हे त्यांनाही विचारा.

सुरुवातीला थोडी लाली आणि पारदर्शक लस येणारच. पण ठणका वाढत गेला, सूज पसरली, हिरवट-पिवळा पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दागिना घरी काढू नका. भोक बंद होऊन पू आत कोंडतो, काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. यूपीआयचा व्यवहार, चॅटचे स्क्रीनशॉट, बाटल्यांचे फोटो, तो खडा आणि डॉक्टरांचे कागद हे सगळं जपून ठेवलं होतं म्हणून ते शक्य झालं. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. स्टुडिओ आधी म्हणत होता की तुम्हीच किट नीट वापरलं नाही. तक्रार गेल्यावर किटचे पैसे परत द्यायला तयार झाला, पण आम्ही त्यांच्याबद्दल लिहिलेला रिव्ह्यू काढून टाकायच्या अटीवर. रिव्ह्यू आम्ही काढलेला नाही, आणि आता दवाखान्याचा खर्चही मागितला आहे.