गुरुत्वीय लहरींचा खुला डेटा: कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांसाठी परीक्षण

‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’ या संकेतस्थळावरून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात पसरत जाणारे गुरुत्वाकर्षणाचे तरंग, टिपणाऱ्या लायगो (अमेरिका) आणि व्हर्गो (इटली) या वेधशाळांचा डेटा कोणालाही विनामूल्य आणि नोंदणीशिवाय उतरवून घेता येतो. कृष्णविवरांभोवती कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारे आणि केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, साचलेले असेल, तर त्याची खूण या डेटात सापडेल का, एवढ्याच प्रश्नापुरते मी या सेवेकडे पाहिले.

सेवा म्हणून नाव ठेवायला जागा नाही. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या नोंदीच्या, म्हणजे दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होतानाच्या लहरींच्या, पानावर लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील केंद्रांची मोजमापे ३२ आणि ४०९६ सेकंदांच्या तुकड्यांत मिळतात, आणि सोबत पायथॉनमधील धडे असल्याने भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विलीन होताना वारंवारता वाढत गेल्याने उमटलेला चढत जाणारा स्वर स्वतःच्या संगणकावर काढून पाहता येतो.

कृष्णद्रव्याचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. मोठ्या कृष्णविवराभोवती कृष्णद्रव्य दाट होत जाते, ही कल्पना गोंडोलो आणि सिल्क यांनी १९९९ मध्ये मांडली. त्या दाटीतून एखादे लहान कृष्णविवर फिरू लागले, तर चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेल्या गतिक घर्षणामुळे (आजूबाजूच्या द्रव्याच्या गुरुत्वीय ओढीने होणाऱ्या अडथळ्यामुळे) त्याची ऊर्जा थोडी अधिक वेगाने घटते, कक्षा लवकर आक्रसते आणि लहरींची कला (त्यांच्या चढ-उतारांची वेळ) निर्वात अवकाशासाठी केलेल्या गणितापासून हळूहळू सरकत जाते. शिवाय घर्षणात गेलेली ऊर्जा कृष्णद्रव्यालाच मिळून त्याची दाटी विरळ होते, हे कॅव्हानाह आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवल्यापासून परिणामाचे आधीचे अंदाज बरेच खाली आले आहेत.

हा फरक साचतो तो महिनोन्‌महिने, आणि तोही कमी वारंवारतेला. पहिली नोंद मात्र ३५ ते २५० हर्ट्‌झ या पट्ट्यात जेमतेम ०.२ सेकंद टिकली होती. एवढ्यात सुमारे आठच आवर्तने होतात. अपेक्षित लहरींचे गणिती साचे डेटाशी ताडून पाहणाऱ्या ज्या साचा-जुळणीच्या तंत्राच्या घडणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे, त्यासाठीचे प्रचलित साचे निर्वात पोकळी गृहीत धरतात, हेही ध्यानात ठेवावे. त्यातच लायगोने टिपलेल्या कृष्णविवरांच्या बहुतेक जोड्यांची वस्तुमाने एकमेकांच्या जवळपास आहेत, आणि अशा जोडीत दाट कृष्णद्रव्य टिकून राहण्याची शक्यताच कमी.

त्यामुळे लहरींचा अभ्यास सुरू करणाऱ्याला मी हे केंद्र निःशंकपणे सुचवीन. कृष्णद्रव्याची खूण शोधणाऱ्याने मात्र येथे फक्त हात बसवून घ्यावा. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियामुळे स्रोतांची दिशा अधिक नेमकी कळेल, पण जमिनीच्या कंपनांमुळे कमी वारंवारतेची अडचण तिथेही तशीच राहील. २०३५ च्या सुमारास उड्डाण अपेक्षित असलेल्या ‘लिसा’ या युरोपीय अवकाशातील वेधशाळेच्या यानांमध्ये २५ लाख किलोमीटर अंतर असेल, आणि या प्रश्नाला लागणारी मिलीहर्ट्‌झ वारंवारता तिच्याच टप्प्यात येते.