लास व्हेगसमध्ये जुनं काय बघायचं? आधी हे ऐका

भारतातून पाहुणे आले की स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या रस्त्यावर, एक चक्कर होते आणि मग प्रश्न येतोच, "बाकी सगळं ठीक, पण इथलं जुनं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. या वाळवंटातल्या शहराने आपल्या इमारती स्वतःच सुरुंग लावून पाडल्या. १९५५ चं ड्यून्स हॉटेल १९९३ मध्ये गेलं, १९५२ चं सँड्स १९९६ मध्ये, स्टारडस्ट २००७ मध्ये आणि १९५७ चं ट्रॉपिकाना २०२४ च्या ऑक्टोबरात. भिंतीच उरल्या नाहीत तर जुनं शोधायचं कुठे?

माझं उत्तर एकच असतं. इथल्या विद्यापीठाचं, म्हणजे यूएनएलव्हीचं, ओरल हिस्टरी रिसर्च सेंटर. २००३ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते सुरू झालं आणि क्लेटी व्हाइट त्याच्या पहिल्या संचालक. काम सांगायला सोपं आहे: गावात राहिलेल्या, राबलेल्या माणसांना बोलतं करायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं, अक्षरशः उतरवून काढायचं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं. ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या, एक पैसा न देता, हे वाचता-ऐकता येतं.

मी इथल्या एका हॉटेलात नाइट ऑडिट करते. दिवसाचा हिशेब जुळला की पहाटे थोडी उसंत मिळते, तेव्हा मी यातलं काहीतरी उघडते. माझ्या स्क्रीनवर रोज शेकडो खोल्यांपुढे 'क्लीन' अशी नोंद येते. ती खोली कोणी साफ केली, ती बाई या गावात कशी आली, हे मला या मुलाखतींमुळे कळलं.

सुरुवात वेस्टसाइडपासून करा, असा माझा आग्रह आहे. रेल्वेच्या रुळांपलीकडची ही कृष्णवर्णीयांची वस्ती. आर्कान्सातलं फोर्डाइस आणि लुइझियानातलं टलूला या दोन छोट्या गावांतून माणसं इकडे आली. आधी कापसाच्या शेतातली मजुरी, मग दुसऱ्या महायुद्धात हेंडरसनच्या मॅग्नेशियम कारखान्यातलं काम, नंतर हॉटेलांच्या खोल्या आणि मोऱ्या. वस्तीत रस्ते कच्चे, घरं लाकडाच्या फळ्यांची. स्ट्रिपवर मंचावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतालाही त्याच हॉटेलात झोपायला खोली मिळत नसे. कार्यक्रम संपला की त्याने वेस्टसाइडमधल्या कोणाच्या तरी घरी मुक्कामाला जायचं. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात उरकतं. इथे प्रश्न विचारणारी व्यक्ती आधी जन्मगाव, आई-वडील, भावंडं विचारते, घाई करत नाही, आणि बोलणारी बाई हळूहळू स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत येते. त्या संथपणालाच मी भुलले.

हॅटी कँटी यांची हकीकत मुद्दाम शोधा. अलाबामातून आलेल्या, नवरा गेल्यावर मुलांचा संसार एकटीने ओढलेल्या, हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या या बाई १९९० मध्ये कलिनरी युनियनच्या, म्हणजे हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या, अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी फ्रंटिअर हॉटेलचा संप सुरू झाला. १९९१ च्या सप्टेंबरपासून १९९८ च्या फेब्रुवारीपर्यंत तो चालला आणि साडेपाचशे कामगारांतला एकही फुटला नाही. मी ज्या धंद्यात आहे त्यातली आजची पगारपत्रकं या बायकांनी उन्हात उभं राहून लिहिलेली आहेत, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मोठा साठा नेव्हाडा टेस्ट साइटचा. शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर १९५१ ते १९९२ या काळात अमेरिकेने ९२८ अणुचाचण्या केल्या, त्यातल्या शंभर उघड्यावर. २००३ ते २००८ या काळात दीडशेहून जास्त लोकांना या प्रकल्पात बोलतं केलं. शास्त्रज्ञ आहेतच, पण बोगदे खणणारे खाणकामगार, कुंपणाबाहेर निदर्शनं करणारे, वाऱ्याच्या दिशेला राहून किरणोत्सर्ग सोसलेले आणि ही जमीन मुळात आपली आहे असं सांगणारे वेस्टर्न शोशोनी आदिवासी, सगळे एकाच संग्रहात शेजारी शेजारी. कोणाचीही बाजू कापलेली नाही. या साठ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

एक मात्र सांगते. आठवण म्हणजे तारखेचा पुरावा नव्हे. मूलँ रूजबद्दल लोक इतकं भरभरून बोलतात की ते हॉटेल वर्षानुवर्षं चाललं असावं असं वाटतं. गोरे-काळे एकत्र बसू शकतील असं हे पहिलं मोठं हॉटेल-कॅसिनो. १९५५ च्या मे महिन्यात उघडलं आणि नोव्हेंबरात बंद पडलं. पाच वर्षांनी, २६ मार्च १९६० ला, स्ट्रिपवरचा वर्णभेद उठवायचा करार मात्र तिथेच झाला. म्हणून मुलाखतीबरोबर कागदही बघा. त्याच ग्रंथालयात रेल्वे कंपनीचे दप्तर आहे, जुने फोटो आहेत, पाडलेल्या हॉटेलांचे वास्तुविशारदांनी काढलेले नकाशे आहेत. १५ मे १९०५ ला रेल्वेने भूखंडांचा लिलाव करून हे गाव वसवलं. १९५० च्या जनगणनेत ते २४,६२४ वस्तीचं होतं, २०२० मध्ये ६,४१,९०३. एवढ्या वेगात किती काही निसटलं असेल, ते कागद आणि आवाज शेजारी ठेवल्यावर समजतं.

वापरायच्या दोन गोष्टी. लिखित प्रत वाचायला सोपी असते, पण ध्वनिफीत असेल तिथे आधी ऐकाच; कागदावर थांबणं, अडखळणं, आवाज चढणं येत नाही. दक्षिणेकडचे उच्चार सुरुवातीला कानाला जड जातात, तेव्हा प्रत समोर उघडी ठेवा. आणि शोधताना "लास व्हेगसचा इतिहास" असं लिहून काही साधत नाही; हॉटेलचं, गल्लीचं किंवा कामाचं नाव टाका.

प्रत्यक्ष जायचं असेल तर लीड लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर वाचनकक्ष आहे. पेट्या आतून काढून आणाव्या लागतात, म्हणून काय बघायचंय ते आधी कळवून जा.

माफियांचे किस्से हवे असतील तर डाउनटाउनमध्ये मॉब म्युझियम आहे, जुन्या पाट्या बघायच्या तर निऑन म्युझियम. दोन्हींना तिकीट आहे आणि दोन्ही बघण्यासारखी आहेत. पण पाहुण्यांकडे एकच मोकळी दुपार असेल तर मी त्यांना वेस्टसाइडची एक मुलाखत ऐकवते आणि मग गाडीतून त्याच वस्तीतल्या जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूवर घेऊन जाते.