नऊ महिने सोप्या जपानीतल्या बातम्या: वापरानंतरचा अनुभव

ठाण्याहून रबाळ्याला ट्रान्स हार्बर लोकलने जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. जानेवारी २०२५ पासून या पंधरा मिनिटांत मी रोज एक बातमी वाचते. बातमी जपानची आणि तीही जपानीतून. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘न्यूज वेब ईझी’ या पानावर सोमवार ते शुक्रवार अशा चार-पाच छोट्या बातम्या येतात. हे लिहिताना सप्टेंबर २०२५ संपत आला आहे. जुलैत एन-फोरची परीक्षा दिली (जपानी भाषेची परीक्षा; एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, त्याच्या वरची ही), निकालही लागला (पास झाले), त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी ते चालतं कसं ते सांगते. जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे नवशिक्याला नाव कुठे सुरू झालं आणि क्रियापद कुठे, हेच कळत नाही. इथे माणसांची, गावांची आणि संस्थांची नावं वेगवेगळ्या रंगांत असतात. प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षराच्या, डोक्यावर बारीक अक्षरांत तिचा उच्चार, म्हणजे फुरिगाना असतो. अवघड शब्दावर बोट ठेवलं की मुलांच्या शब्दकोशातला अर्थ दिसतो, तोही जपानीतच. शिवाय बातमी सावकाश वाचून दाखवलेली ऐकता येते. मी ठाण्याला गाडीत बसले की आधी ऐकते, ऐरोली येईपर्यंत वाचते आणि रबाळ्याला उतरताना पुन्हा ऐकते. पहिले दोन महिने एका बातमीला तीन दिवस लागायचे. आता एका फेरीत होते.

माझ्या मनातला जपान म्हणजे घणसोलीच्या बाजूला जमिनीखाली चाललेलं बुलेट ट्रेनचं काम आणि आमच्या प्लांटमधले फाइव्ह-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचे) फलक, एवढाच होता. या बातम्यांनी तो घरात आणला. २४ मार्चला टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, फुलल्याचं जाहीर झालं. जाहीर कसं करतात, तर हवामान संस्थेचे कर्मचारी यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडापाशी जातात आणि त्यावर पाच-सहा फुलं मोजतात. तेवढी उमललेली दिसली की शहराचा वसंत सुरू. मग महिनाभर ती फुलं उत्तरेकडे सरकत होक्काइदोपर्यंत जातात आणि आपण बातम्यांतून त्यांच्या मागे मागे जातो.

पण मला खरं गुंतवलं ते तांदळाने. या वर्षी तिथे तांदूळ इतका महागला की पाच किलोची पिशवी ४,००० येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडचे सव्वादोन हजार रुपयांच्या वर. मार्चमध्ये सरकारने राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात काढायला सुरुवात केली. मे महिन्यात कृषिमंत्री एका कार्यक्रमात म्हणाले की मी कधी तांदूळ विकतच घेतलेला नाही, समर्थक इतका आणून देतात. काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. रोज पिशवीचा भाव बघणाऱ्या बाईला तो राग समजावून सांगावा लागत नाही.

या बातम्यांत एक शब्द भेटला, ‘कोकोकोमाई’. ‘को’ म्हणजे जुना, ‘माई’ म्हणजे तांदूळ. जुन्याहून जुना, त्याहूनही जुना. २०२१ सालच्या पिकाचा तांदूळ स्वस्तात विकायला आला तेव्हा बातम्यांत लोक चिंतेने विचारत होते, चव बरी असेल ना? मी गाडीत बसून चकित झाले. आमच्याकडे आईने आयुष्यभर दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, ‘जुना आहे ना?’ नवा तांदूळ म्हणजे भात गिचका होणार, पाणी हात राखून घालायचं, मुलांच्या पोटाला जड. जुना तांदूळ मोकळा होतो, फुगतो, पुरवठ्याला येतो. तिथे शरद ऋतूत नवा तांदूळ, ‘शिनमाई’, आला की सण असतो, कारण त्यांना भात चिकटच हवा असतो, चॉपस्टिक्सने उचलता येणारा. तांदूळ तोच, भातावरचा जीवही तोच, पण एकाला जो दोष वाटतो तो दुसऱ्याला गुण. हे मला कुठल्याही संस्कृतीपरिचयाच्या धड्याने शिकवलं नव्हतं.

याचा कामावरही उपयोग झाला. आमच्या जपानी पुरवठादाराच्या इंजिनिअरबरोबर दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असतो. दोन वर्षं तो ‘नमस्कार, ड्रॉइंग उघडा’ यापलीकडे गेला नव्हता. जूनमध्ये मी मोडक्या जपानीत विचारलं, तांदूळ उतरला का? तो माणूस पाच मिनिटं बोलत होता. त्याची बायको रांगेत उभी राहून कुठल्या दुकानातून पिशवी घेऊन आली इथपर्यंत. तेव्हापासून आमच्या कॉलची सुरुवात बदलली.

अस्वलांच्या बातम्याही खूप येतात. उत्तरेकडे ती वस्तीत शिरतात आणि माणसं दगावतात. १ सप्टेंबरपासून वस्तीत शिरलेल्या अस्वलावर अडीअडचणीला गोळी झाडायला परवानगी देणारा नियम लागू झाला. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला बिबट्या आठवल्याशिवाय राहत नाही. ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीत ४१.८ अंश तापमान नोंदलं गेलं, जपानमधला तोपर्यंतचा उच्चांक. सूमोत जानेवारीत होशोर्यू आणि मे महिन्यात ओनोसातो असे दोन योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे मल्ल, झाले. हे सगळं आता माझ्या डोक्यात आपोआप राहतं.

उणिवा सांगायला हव्यात. सोप्या भाषेत काय घडलं ते येतं, का घडलं ते फारसं मावत नाही. मंत्र्यांनी राजीनामा दिला हे कळलं, पण भाव मुळात का चढला हे कळायला इंग्रजीतल्या लांब बातम्या वाचाव्या लागल्या. भाषा सगळी ‘देस-मास’ वळणाची, शिष्ट; तिथली माणसं आपापसांत बोलतात ती वेगळी. ऐकण्याच्या परीक्षेत मला कमी गुण पडले ते यामुळेच, असं माझं मत आहे. आणि कृपा करून याच्या जोडीला भाषांतराचं फुकट ॲप वापरू नका. मी एक घेतलं होतं. त्याने ‘शिनमाई’चं मराठी ‘नवीन अमेरिका’ केलं, कारण तांदळाचीच कांजी अमेरिकेसाठीही वापरतात. दोन दिवसांत काढून टाकलं. एन-फाइव्हचा निदान निम्मा अभ्यास झाल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर नुसती चिडचिड होईल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ३० जुलैला, आपल्याकडे पहाट असताना, रशियातल्या कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जपानच्या पूर्व किनाऱ्यावर त्सुनामीचे इशारे लागले. मी सकाळच्या गाडीत ती बातमी वाचली. एकही शब्द अडला नाही. समुद्राजवळून लगेच दूर जा, उंच जागी जा, इशारा उठेपर्यंत परत येऊ नका. इवातेच्या कुजी बंदरात १.३ मीटरची लाट आली. माझ्यासारख्या एन-फोरच्या विद्यार्थिनीला हे कळलं, याचा अर्थ तिथे काम करणाऱ्या व्हिएतनामच्या किंवा नेपाळच्या मुलालाही कळलं असणार.

शनिवारी नौपाड्यातल्या जपानीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, मागची गोष्ट सांगितली. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. तेव्हा तिथल्या अनेक परदेशी लोकांना सूचना समजल्याच नाहीत. जपानी फार अवघड, इंग्रजी सगळ्यांना येत नाही. मग हिरोसाकी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ काझुयुकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, तयार केली. ‘ताकादाई’ऐवजी ‘ताकाइ तोकोरो’, उंच जागा. ‘योशिन’च्या जोडीला ‘नंतर येणारा भूकंप’. १ जानेवारी २०२४ ला नोतोच्या भूकंपानंतर टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या सोप्या अक्षरांत ‘त्सुनामी! पळा!’ असं झळकत होतं, ते याच विचारातून. मी जी भाषा परीक्षेसाठी वाचत होते ती माणसं वाचावीत म्हणून घडवलेली होती.

आणि मग आपला ऑगस्ट आला. १८ आणि १९ तारखेचा पाऊस ठाणेकर विसरणार नाहीत. वंदना टॉकीजजवळ नेहमीप्रमाणे पाणी भरलं. सोसायटीच्या ग्रुपवर फिरत आलेला संदेश असा: ‘अतिमुसळधार पर्जन्यवृष्टीची शक्यता असल्याने सखल भागातील रहिवाशांनी सतर्क राहून अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडणे टाळावे.’ आमचे वॉचमन बिहारचे आहेत, मराठी जिद्दीने वाचतात. त्यांनी मोबाइल पुढे करून विचारलं, ‘ताई, सखल म्हणजे कुठे?’ त्यांची खोली तळमजल्याच्याही दोन पायऱ्या खाली आहे. संदेश त्यांच्यासाठीच होता आणि त्यांनाच कळला नव्हता.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी पेढे वाटले होते आणि पुन्हा वाटेन. पण इशाऱ्याची मराठी सोपी असली म्हणून ती खालच्या दर्जाची होत नाही. उलट तसं लिहायला जास्त भाषा यावी लागते. त्या रात्री मी तो संदेश चार वेळा लिहिला तेव्हा कुठे जमला: ‘उद्या खूप पाऊस पडेल. पाणी भरेल. खाली राहणाऱ्यांनी सामान वर ठेवा. शक्यतो घरातच राहा.’ वॉचमनकाकांनी वाचला, रात्रीच गादी आणि गॅसची शेगडी जिन्यावर आणून ठेवली.

तेव्हापासून सेक्रेटरींनी नोटीस बोर्डाचं काम माझ्याकडे दिलं आहे. मी कागद लावायच्या आधी काकांना वाचायला देते. परवा टाकीच्या सफाईची नोटीस होती. ते मोठ्याने वाचत आले आणि दुसऱ्या ओळीवर थांबले. ‘ताई, पाणीपुरवठा खंडित... म्हणजे?’ मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘बुधवारी दुपारी पाणी येणार नाही. भरून ठेवा.’