दोन फुटी टँक आणि आमचा पापलेट: सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू माशांच्या टँकचा आहे पण दुकानवाल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही म्हणून त्याचंही थोडं येईल. नाव लिहीत नाही, नाशिकमध्येच आहे, माणूस बोलायला एकदम गोड.

झालं असं की डिसेंबरमध्ये सासूबाईंनी कुठूनतरी ऐकलं की हॉलमध्ये नऊ गोल्डफिश ठेवायचे, आठ सोनेरी आणि एक काळा, घरात भरभराट होते. दुकानात गेलो तर तो म्हणाला ताई हा काचेचा बोल न्या, फिल्टर नको लाईट नको, आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून टाकायचं आणि नवीन भरायचं, झालं. नशीब सुरुवातीला तीनच घेतले, दोन सोनेरी आणि एक काळा, तो डोळे बाहेर आलेला, ब्लॅक मूर म्हणतात त्याला. बोलमध्ये पाणी मावत होतं जेमतेम पाच लिटर. चौथ्या दिवशी सकाळी चहा टाकायला उठले तर तिघंही पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करतायत, आणि आई कौतुकाने म्हणतायत बघ कसे गप्पा मारतायत. गप्पा कसल्या, गुदमरत होते बिचारे. आठवडा व्हायच्या आत दोन्ही सोनेरी गेले, मुलाने जेवण सोडलं, एकटा काळा राहिला. नवऱ्याने त्याचं नाव ठेवलं पापलेट, मी ओरडले पण तेच पडलं.

मग वाचायला बसले तेव्हा कळलं की गोल्डफिश हा छोटा मासा नाहीच. हे गोल पोटाचे फॅन्सी प्रकारसुद्धा नीट वाढले तर सहा-सात इंच होतात, आणि घाण भरपूर करतात. त्या घाणीतून अमोनिया, म्हणजे माशांसाठी विषच, तयार होतो आणि पाच लिटरात तो जाणार कुठे? त्यात बोल तोंडाशी अरुंद, म्हणजे हवा पाण्यात मिसळायलाही जागा कमी.

तर टँक. 24 बाय 12 बाय 12 इंच, 5 एमएमची काच, वर लाईटवालं टॉप, आतला फिल्टर, हीटर, खडी, प्लॅस्टिकची झाडं आणि एक किल्ला, सगळा सेट 3,400 ला पडला, त्याच दुकानातून (हो, परत तिथेच गेले, घराजवळ आहे काय करणार). काचेचं काम खरंच छान आहे, सिलिकॉनच्या रेषा सरळ, सहा महिन्यांत एक थेंब गळलेला नाही. मी आणल्यावर बाल्कनीत दोन दिवस भरून ठेवला होता, खाली वर्तमानपत्र पसरून, ओलं झालं नाही तेव्हाच आत घेतला. नवीन घेताय तर हे कराच, कारण हॉलमध्ये फुटला तर पन्नास लिटर पाणी सोफ्याखाली.

वजनाचा विचार मी आधी केलाच नव्हता. पाणीच पन्नास किलो, वर खडी आणि काच धरून पासष्ट-सत्तर. आमचा टीव्हीखालचा टेबल कुरकुरायला लागला, शेवटी फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून घेतला. टँकखाली थर्माकोलची शीट हवीच, दुकानवाल्याने दिली नव्हती, मागितल्यावर दिली.

आता तक्रारी. एक तर हीटर. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, त्याला हीटर लागतच नाही, उलट उन्हाळ्यात मी टँकवर टेबल फॅन लावत होते कारण पाणी गरम झालं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. तो हीटर अजून पॅक आहे. दुसरं, तो किल्ला आणि ती टोकदार झाडं. मूरला नीट दिसत नाही आणि डोळे तर बाहेर, दुसऱ्याच दिवशी किल्ल्याच्या खिडकीत डोकं घालून बसला, सगळं काढून टाकलं. तिसरं, टॉपची वायर चार महिन्यांत सैल झाली, पाण्याच्या वर लटकती वायर बघून माझा जीव गेला, बदलून दिलं पण तीन फेऱ्या मारून.

आणि मेन तक्रार सल्ल्याची. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं तर म्हणे सगळं फेका आणि टँक साबणाने धुवा. अहो नाही! साबण तर कधीच नाही. नवीन टँकमध्ये असं होतं, थोडे दिवस थांबलं की आपोआप निवळतं. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात, खरं तर तोवर मासा सोडायचाच नसतो, पण आमचा पापलेट आधीच बेघर म्हणून मी रोज दहा लिटर पाणी बदलत बसले, टेस्ट किट घेऊन, शाळेच्या प्रॅक्टिकलसारखं.

आता रुटीन बसलंय. रविवारी पाईपने खडीतली घाण ओढत बादलीभर पाणी काढायचं, साधारण पाव टँक, ते कुंड्यांना जातं आणि मोगरा काय फुललाय सांगू. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. नवीन पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब. खिडकीच्या उन्हात टँक ठेवू नका, आम्ही महिनाभर ठेवला आणि काच हिरवीगार झाली. खाण्यावरून मात्र घरात भांडणं होतात, आईंना वाटतं तो उपाशी आहे, मी दोनदा घालते आणि त्या गुपचूप तिसऱ्यांदा. माशाला पोट, म्हणजे जठर, नसतंच हे सांगितलं तर म्हणाल्या मग एवढं गोल काय दिसतंय.

टँकला 4 स्टार, सेटमधल्या बाकी सामानाला 2. एका मूरला दोन फूट जेमतेम पुरतो, दोन ठेवायचे असतील तर सरळ तीन फुटी घ्या आणि टँक, फिल्टर, टॉप वेगवेगळं निवडा, सेटच्या नादी लागू नका.

नऊ माशांचा विषय मी बंदच केला होता. पण गेल्या महिन्यापासून पापलेटचं पोट काळ्याचं तांबूस सोनेरी व्हायला लागलंय, मूर मोठे झाले की होतं असं बऱ्याचदा. आई दोन शेजारणींना दाखवून आल्यात.